दौंडला न थांबलेली गाडी

शिरूरच्या एसटी स्टँडवर ओव्हाळ सरांचं घर विचारलं, तर रिक्षावाला उलट विचारतो, "कुठले ओव्हाळ? अमेरिकेचे का?" हो म्हटलं की तो बरोबर दारात आणून सोडतो. महेंद्र म्हाळू ओव्हाळ अमेरिकेला कधी गेलेले नाहीत. त्यांनी एकदा पासपोर्ट काढला होता. तो कोराच राहिला आणि त्याची मुदत संपली.

अमेरिकेचा अठरावा राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. लिंकनच्या बाजूनं यादवी युद्ध जिंकून देणारा सेनापती, आणि पुढं स्वतः आठ वर्षं राष्ट्राध्यक्ष. लिंकन आणि ग्रँट यांच्या मध्ये एकच माणूस येऊन गेला, पण शिरूरमध्ये लिंकनच्या पुढं जायची कुणाची तयारी नव्हती. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला सरांना दरवर्षी बोलावणं असे. संयोजक माइक हातात देताना कानात सांगत, "सर, लिंकन आन् बाबासाहेब, एवढंच घ्या. ते दुसरं नको." सर ते दुसरंच घेत. पाचव्या मिनिटाला मागची पोरं उठून डीजेच्या गाडीकडं जात. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तर, नॉन-ग्रँटवर असून ग्रँटचा अभ्यास करणारा एकमेव प्राध्यापक, असा त्यांचा लौकिक होता. नोकरी कायम झाली तरी तो विनोद कायम राहिला.

या माणसाला ग्रँट सापडला तो खुटबावच्या चुलीजवळ. वडील म्हाळू रेल्वेत गँगमन होते. खुटबाव आणि केडगावच्या दरम्यानचा रूळ त्यांच्या टोळीकडं. दौंडला साहेबांच्या काळातली इंग्रजी पुस्तकं रद्दीत निघाली, तेव्हा म्हाळूंनी त्यातलं एक पोतं जळणासाठी घरी आणलं. आई चांगुणाबाईंनी ती एकेक करून चुलीत घातली. एक पुस्तक मात्र नीट पेटेना. गुळगुळीत जाड कागद, नुसता धूर. "हे मेलं जळत बी न्हाई," म्हणून त्यांनी ते बाजूला फेकलं. नववीतल्या महेंद्रनं उचललं.

त्यात एका पानावर दाढीवाल्या सेनापतीचं चित्र होतं. पुढच्या पानावर काळ्या माणसांची रांग होती. मतदानाची रांग. अंगावरचे कोट दुसऱ्याचे असावेत असे ढगळ, हातात चिठ्ठ्या, आणि रांगेच्या कडेला बंदूक घेतलेला एक शिपाई. तो रांगेकडं पाहत नव्हता, रांगेच्या बाहेर पाहत होता.

महेंद्रला ते चित्र कळायला डिक्शनरी लागली नाही. आदल्याच वर्षी तो मामाच्या गावी होता. तिथं निवडणुकीच्या दिवशी सकाळी वस्तीतल्या सगळ्या गड्यांना ट्रॉलीत बसवून लांबच्या एका रानात ऊस तोडायला नेलं होतं. कुणी शिवी दिली नाही, कुणाला हात लावला नाही. दुपारी जेवायला गोड होतं. परत आणलं तेव्हा शाळेतल्या मतपेट्या गेल्या होत्या. मामा हसत म्हणाला, "आमचं मत लाडवात गेलं." त्या रांगेच्या कडेला कुणी शिपाई उभा नव्हता, कारण रांगच नव्हती.

चित्रातल्या शिपायाला कुणी पाठवलं, आणि मग तो परत कधी गेला, कुणी बोलावला? महेंद्र ओव्हाळ यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचं काम या दोन प्रश्नांत मावतं. पहिल्याचं उत्तर सोपं होतं. ग्रँटनं पाठवला. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी मतदान करू नये म्हणून रात्री घरं जाळत फिरणाऱ्या टोळ्या त्यानं कायदा करून, सैन्य घालून मोडल्या. दुसऱ्या प्रश्नावर सरांची तीस वर्षं गेली.

पुण्यात एम.ए., तिथंच पीएच.डी., आणि मग शिरूरच्या कॉलेजात नोकरी. कॉलेज आनंदरावांच्या संस्थेचं. आनंदराव निमोण्याकडचे मोठे बागायतदार, वडिलांनी काढलेली संस्था तरुणपणीच त्यांच्याकडं आली. लोक त्यांना आबा म्हणतात. मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. "खुटबावच्या म्हाळू गँगमनचे ना तुम्ही? भला माणूस." नोकरी मिळाली. सरांनी हा उपकार मानला नाही, आणि विसरलेही नाहीत. पुढं अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं वर्षभरासाठी बोलावलं, पासपोर्ट काढला तो तेव्हाच, तर संस्थेनं सोडलं नाही. तास कोण घेणार, असा साधा प्रश्न होता आणि त्याला उत्तर नव्हतं. मग सर तिकडच्या ग्रंथालयांना पत्रं लिहून कागदांच्या झेरॉक्स मागवत राहिले. उत्तराला कधी तीन महिने, कधी वर्ष. निवृत्तीच्या सुमाराला ते सगळे कागद इंटरनेटवर आले. ज्या पत्रासाठी त्यांनी चार वर्षं वाट पाहिली होती, ते एका विद्यार्थ्यानं बसमध्ये मोबाइलवर काढून दाखवलं. सर म्हणाले, "चांगलं झालं." दुसरं काय म्हणणार?

पुस्तक तयार झालं. 'सैन्य परत गेलं तेव्हा'. मराठीत, नऊ प्रकरणं. त्याचा गाभा सातव्या प्रकरणात आहे. १८७५ साली मिसिसिपी राज्याच्या गव्हर्नरनं ग्रँटकडं सैन्य मागितलं. निवडणूक तोंडावर होती, बंदुका घेतलेली माणसं गावोगाव फिरत होती. ग्रँटनं या वेळी सैन्य पाठवलं नाही. दरवर्षीच्या या दंगलींना लोक आता कंटाळले आहेत, अशा अर्थाचं उत्तर गेलं. मतदानाच्या दिवशी रांगा लागल्या नाहीत. सर वर्गात हे शिकवत तेव्हा एखादी मुलगी विचारायची, "मग पुढं काय झालं?" सर सांगत, "पुढं त्यानं एका काळ्या खासदाराजवळ चूक कबूल केली. त्या खासदारानं तशी नोंद ठेवलीय." "मग?" "मग काही नाही. तास संपला."

ग्रँट वाईट होता, असं सरांनी कुठंही लिहिलं नाही. वाईट माणसावर कुणी तीस वर्षं घालवत नाही. चांगला माणूस दमला की काय होतं, हा त्या पुस्तकाचा विषय.

ते टाइप केलं पत्नी भाग्यश्रीबाईंनी. निमोण्याच्या शाळेत शिक्षिका होत्या, शाळा सुटली की कॉम्प्युटरपुढं बसायच्या. सगळं पुस्तक जुन्या मराठी फाँटमध्ये झालं होतं. कॉम्प्युटर बदलला आणि फाइल उघडली तर पानोपान नुसती चौकटी-चिन्हं. बाईंनी एक दिवस ते पाहिलं, दुसऱ्या दिवशी पहिल्या पानापासून युनिकोडमध्ये पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्यांदा संपलं तोवर त्यांना काचबिंदूचं निदान झालं होतं. एका डोळ्याची कड आधीच गेली होती, दुसऱ्याची जात होती.

पुण्याच्या प्रकाशकांनी पुस्तक चाळून परत दिलं. एकजण म्हणाला, लिंकनवर असतं तर. दुसऱ्यानं विचारलं, "सर, यात थोडं प्रेरणादायी काही आहे का?" सरांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं आणि नाही म्हणाले.

असं असताना दौंडची गोष्ट सुरू झाली.

निवृत्त झाल्यावर ग्रँट जगाच्या सफरीवर निघाला, त्यात १८७९ साली तो मुंबईला उतरला आणि आगगाडीनं उत्तरेत गेला. हे खरं आहे. दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या काही जुन्या लोकांचं म्हणणं, ती गाडी दौंडला थांबली होती. साहेब फलाटावर उतरला, चहा प्याला. ही समजूत फक्त रेल्वेच्या गावातच तयार होऊ शकते. दौंडला मनमाडची लाइन येऊन मिळते, आणि पुण्याकडून आलेली मनमाडची गाडी तिथं आली की पिढ्यान् पिढ्या इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावावं लागे. दौंडकराच्या डोक्यात उत्तरेचा रस्ता म्हणजे मनमाड आणि मनमाड म्हणजे इंजिन फिरणं. मनमाडची लाइन ग्रँट येण्याच्या आदल्याच वर्षी सुरू झाली होती, त्यामुळं समजुतीला तारीखही जुळली.

आनंदरावांच्या संस्थेनं दौंडजवळ नवी इंग्रजी शाळा काढली होती. त्यांचा पुतण्या पृथ्वीराज अमेरिकेत असतो. त्याच्या ओळखीनं तिकडच्या विद्यापीठाचे पाहुणे यायचे होते, करार व्हायचा होता. पृथ्वीराजच्या कानावर ग्रँटची कथा गेली आणि शाळेच्या सभागृहाला जनरल ग्रँटचं नाव द्यायचं ठरलं. दारात कोनशिला बसणार होती.

सर स्वतः दौंडला जाऊन आले. या कथेचे मुख्य साक्षीदार दादा खैरे, निवृत्त इंजिन ड्रायव्हर, वय ऐंशीच्या घरात. त्यांच्याकडं एक फोटो होता. फलाट, मागं इंजिन, पुढं दाढीवाला गोरा माणूस.

"दाढी बघा सर. त्योच हाय."

"दादा, त्या काळी निम्म्या गोऱ्यांना दाढी होती. आणि हे इंजिन त्याच्या बरंच नंतरचं असणार. तुम्हाला माझ्यापेक्षा कळतं."

दादांनी इंजिनाकडं पाहिलं. ते त्यांना कळत होतं. फोटो त्यांनी उलटा ठेवला. "इंजिनाचं सोडा. मुंबईवरनं वर जाणारी गाडी मनमाडला जाणार का न्हाई?"

"जाणार. पण कल्याण, इगतपुरीवरून. ती दौंडला येतच नाही."

"मग हितं जंक्शन काय झक मारायला केलंय का? इंजिन सुटलं की अर्धा तास गेला. अर्धा तास साहेब डब्यात बसून ऱ्हाईल व्हय? पाय मोकळे करायला तरी उतरंल."

"गाडी आलीच नाही तर उतरेल कुठून?"

"तुम्ही लई शिकलेले," दादा म्हणाले आणि चहा सांगितला. भांडण असं झालंच नाही.

पण एक गोष्ट घडून गेली होती. कासुर्डीचा संघर्ष रणदिवे, सरांचा विद्यार्थी, संस्थेच्याच कॉलेजात इतिहासाला तासिका तत्त्वावर शिकवत होता. सरांच्या पुस्तकाची नऊही प्रकरणं वाचलेला भाग्यश्रीबाईंनंतरचा तो एकटाच माणूस. त्यानं दौंडच्या एका साप्ताहिकात लेख लिहिला, ग्रँट दौंडला आला नव्हता. त्यात लिहिलं की प्रा. ओव्हाळ यांनी सफरीचा मार्ग मूळ कागदांवरून तपासला आहे. हे अक्षरशः खरं होतं. लेख लिहिण्याआधी त्यानं सरांना फोन केला होता आणि सर म्हणाले होते, "लिही. खरंच आहे ते."

आनंदराव शिरूरला सरांच्या घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा. भाग्यश्रीबाईंनी चहा ठेवला.

"बाई, डोळ्याचं कसं हाय?" त्यांनी आधी हेच विचारलं. मग सरांकडं वळले. "सर, तुमचं पुस्तक आपण काढू. संस्थेतर्फे. चांगल्या कागदावर, पुठ्ठा बांधणी. पाहुणे येतील तवा त्यांच्या हातात द्यायचं. आपल्या शिरूरच्या मास्तरानं तुमच्या राष्ट्राध्यक्षावर येवढं काम केलंय, दिसू द्या त्यांना."

हे वाक्य सर बरीच वर्षं ऐकायला तयार होते.

"फक्त पुढं चार ओळी लिहा. साहेब दौंडला उतरला होता म्हणून."

"आबा, उतरला नव्हता."

"तुम्ही होता का तिथं?"

"नव्हतो."

"मी बी नव्हतो. मग दोघं सारखेच की." आनंदराव हसले. "इतिहास म्हंजी काय सातबारा हाय का, नाव लागलं की शेजारी कोर्टात जाईल? कुणाची जमीन जात न्हाई याच्यात."

"संघर्षनं लेख लिहिलाय."

"वाचला. ते पोरगं तुमचं नाव सांगतंय. प्राचार्यांनी विचारलं त्याला, तर म्हणतंय सरांना विचारा. म्हणून आलो विचारायला." त्यांनी कप खाली ठेवला. "पोरगं हुशार हाय. पण हुशारीला बी वरचं कुणीतरी लागतं."

धमकी नव्हती. आनंदराव धमकी देणारे नव्हेत. जाताना बाईंना हात जोडून गेले.

दोन दिवसांनी संघर्ष आला. चप्पल दारातच काढून, बसायला सांगितलं तरी कडेला बसला.

"सर, प्राचार्य म्हणतात पुरावा द्या, न्हाईतर माफीचं लिहून द्या. पुढच्या टर्मच्या तासांची यादी लागायचीय. तुम्ही दोन ओळी दिल्या की विषय संपतो. मार्ग तपासला, गाडी इगतपुरीवरून गेली. एवढंच."

"इंटरनेटवर आहे की सगळं. ते दाखव."

"दाखवलं. ते इंग्रजी कुणी वाचत न्हाई. तुमची सही वाचतात."

सर खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "बघतो."

संघर्षला तो शब्द माहीत होता. सातव्या प्रकरणात वॉशिंग्टनहून उत्तर येईपर्यंत मिसिसिपीत काय काय झालं, त्याची बारा पानं आहेत. तो उठला. "बघा सर," म्हणाला आणि गेला.

भाग्यश्रीबाई आतून सगळं ऐकत होत्या. सर त्यांच्याकडं गेले, तेव्हा त्या डाळ निवडत होत्या, म्हणजे हातानं चाचपत होत्या.

"पत्र द्यावं त्याला," सर म्हणाले.

"द्या."

"मग पुस्तक राहिलं."

बाईंनी ताट खाली ठेवलं. "तुम्ही मला विचारू नका. मला विचारलंत तर मी खरं सांगेन. मी दोनदा टाइप केलंय ते. मला छापलेलं बघायचंय, डोळे आहेत तोवर. आता ठरवा तुम्ही, आणि माझं नाव पुढं करू नका."

सरांनी ठरवलं. संघर्षचं पत्र त्यांनी लिहायला घेतलं नाही, असं नाही. दोन ओळी लिहून झाल्या होत्या. मग त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि आनंदरावांसाठीच्या चार ओळी लिहिल्या. त्या त्यांनी इतक्या सांभाळून लिहिल्या की त्यांच्या मते त्यात एकही खोटं वाक्य नव्हतं. स्थानिक वयोवृद्धांच्या आठवणी, मनमाड मार्गाचं साल, त्या काळी प्रवासात होणारे मुक्काम, आणि शेवटी, थांबा घेतल्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. तीस वर्षांचा अनुभव त्या चार ओळींत उतरला होता. विद्यार्थ्यानं असं लिहिलं असतं तर त्यांनी समासात लाल रेघ मारली असती.

संघर्षला ते कळवायला हवं होतं. सरांनी फोन केला नाही. त्यानंही केला नाही. पुढच्या टर्मच्या यादीत त्याचं नाव लागलं नाही. कुणी काढलं नाही, नुसतं लागलं नाही.

पुस्तक मात्र आलं. आनंदराव शब्दाला जागले. कागद चांगला होता. गुळगुळीत आणि जाड. पहिल्याच पानावर दादा खैरेंचा फोटो आणि खाली ओळ, जनरल ग्रँट, दौंड स्थानक. सरांनी प्रूफं तपासली तेव्हा हे पान त्यात नव्हतं. भाग्यश्रीबाईंनी पुस्तक डोळ्याच्या एका कोपऱ्याजवळ तिरकं धरून पाहिलं, आत बोटानं ओळी चाचपल्या, आणि कपाटात कपड्यांच्या घडीवर ठेवून दिलं. फोटोबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. दिसला की नाही, हे सरांनीही विचारलं नाही.

कोनशिलेवर चार ओळींना जागा नव्हती. तिथं एकच ओळ आली, प्रा. डॉ. महेंद्र ओव्हाळ यांच्या संशोधनानुसार जनरल ग्रँट दौंड येथे थांबले होते. पाहुणे आले, मराठी पुस्तक त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, छान म्हणाले. सरांना शाल, नारळ. दादा खैरे पहिल्या रांगेत होते. कार्यक्रमानंतर त्यांनी सरांचा हात धरला. "बगा, मी म्हणलं न्हवतं? इंजिन सुटलं की मानूस उतरनारच."

"हो," सर म्हणाले.

पुस्तकाचं अजून कुठं परीक्षण आलेलं नाही. गठ्ठे शाळेच्या सभागृहामागच्या खोलीत आहेत, बक्षीस समारंभाला एकेक निघतं. संघर्ष आता रांजणगावच्या एका कंपनीत ठेकेदाराच्या माणसांवर सुपरवायझर आहे. माणसं बहुतेक बिहारची. दिवसभर हिंदी बोलतो. सरांनी त्याला पोस्टानं प्रत पाठवली. वर काय लिहावं हे सुचेना, म्हणून नुसतं नाव आणि तारीख घातली.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. जेवणाची सुट्टी असावी, मागं भांड्यांचा आवाज होता.

"सर, पुस्तक वाचलं. सातवं प्रकरण चांगलं उतरलंय."

"हं."

"एक पान सापडलं न्हाई. पुढं त्यानं चूक कबूल केली, त्या खासदाराजवळ. ते पहिल्या खर्ड्यात होतं."

"काढलं मी ते. प्रूफात."

"का सर?"

"त्याचा काही उपयोग नव्हता."

कुणीतरी संघर्षला हिंदीत हाक मारत होतं. "बरं केलंत," तो म्हणाला. "ते वाचलं की त्याची कीव यायची." मग भोंगा झाला आणि त्यानं फोन ठेवला.

भाग्यश्रीबाईंनी आतून विचारलं, "कोण होतं?"

"संघर्ष."

"काय म्हणत होता?"

"पुस्तक पोचलं म्हणाला."